परसातले ससे आणि मायबुआची भिंत

आपल्याकडे ससा राहतो तो गोष्टीत. पाठीवर पान पडले म्हणून आभाळ कोसळल्याची हाकाटी करणारा, सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणारा, नाही तर थेट चंद्रावर जाऊन बसलेला. रानात तो दिसतो क्वचित, आणि दिसला तरी पाठमोराच. पण आपला हा रानससा बिळात राहत नाही. गवताच्या आडोशाला, उघड्यावर त्याचा संसार. त्याची पिल्ले अंगभर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवून जन्माला येतात. युरोपातला बिळे खणणारा ससा हा त्याचा चुलतभाऊ. त्याची पिल्ले उघडी-नागडी आणि आंधळी जन्मतात, आणि आई आपल्याच पोटाचे केस उपटून त्यांना अंथरूण घालते. इंग्रज आणि फ्रेंच लोकांनी या दोघांना दोन नावे दिली आहेत. आपण दोघांनाही ससा म्हणून मोकळे होतो. माणसाने घरी पाळला तो हा दुसरा. त्याच्या पाळण्याचा इतिहास मी काही वर्षे हौसेने वाचीत आलो आहे. शाळामास्तराला असले नाद परवडतात.

हा प्राणी मूळचा स्पेनकडचा. रोमन लोकांनी त्याला भिंतीआड कोंडून पाळले, आणि तो वाढला की काय होते हेही त्यांनीच प्रथम पाहिले. बॅलेॲरिक बेटांवर सशांनी पिकांचा इतका फडशा पाडला, की तिथल्या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. सशांवर फौज! हसू येते, पण ज्याच्या शेताचा घास गेला त्याला हसू आले नसणार. ससा बंदिस्त असला तर धन आणि मोकळा सुटला तर धाड, ही गोष्ट तेव्हापासूनची. मी सांगणार आहे ती हकीकत याच दुहेरीपणातून उद्भवली.

ती फ्रान्समधली आहे. तिथल्या लहान शेतकऱ्याच्या परसात, गोठ्याच्या किंवा घराच्या भिंतीला टेकून, लाकडी फळ्यांची खुराडी असत. त्यांना ‘क्लापिए’ म्हणतात. त्यांत पाच-सहा माद्या आणि एखादा नर. मादी एकतीस दिवसांत विते, आणि पिल्ले तीन-चार महिन्यांत बाजाराजोगी होतात. खाणे म्हणजे बांधावरचे गवत, कोबीची बाहेरची पाने, गाजराच्या साली, मूठभर कोंडा. म्हणजे गाईला जे पुरत नाही आणि माणूस जे टाकतो, त्यातून मांस निर्माण होई. (शाकाहारी वाचकांनी दिवाळीच्या दिवसांत हा शब्द माफ करावा, इतिहास मात्र सर्वभक्षी असतो.)

हे काम घरच्या बाईचे. गवत कापणे, पेंढा बदलणे, आठवड्याच्या बाजाराला टोपलीतून ससे नेणे, सारे तिच्याकडे. गहू आणि गुरे यांचा पैसा घरधन्याचा. ससे आणि अंडी यांचा पैसा तिचा. आपल्या खेड्यापाड्यांतून कोंबडीच्या अंड्यांचे पैसे घरधनीण कनवटीला लावते, त्यातून पोरीची पाटी येते, पाहुण्यांपुरती साखर येते, तसेच ते. हिशेबाच्या वहीत न चढणारा हा पैसा घर मात्र तोलून धरतो.

सशाचे कातडेही वाया जात नसे. ते उलटे करून, आत पेंढा भरून वाळत टांगीत. मग कातडी घेणारा फेरीवाला ‘पो द लापँ’ अशी आरोळी देत गल्लीत शिरे. या कातड्यांचे केस जात टोप्यांच्या कारखान्यांत. साहेबाच्या डोक्यावरची झोकदार फेल्ट हॅट ही पुष्कळदा सशाच्या केसांचीच असे. पुढे 1940 ते 1944 या काळात जर्मनांनी देश व्यापला, मांसाचे रेशनिंग झाले, तेव्हा शहरातल्या लोकांनीसुद्धा अंगणात आणि गच्चीच्या कोपऱ्यात ससे पाळले. त्या उपाशी वर्षांत अनेक घरांत मांस शिजले ते या खुराड्यांच्या कृपेने.

आता भिंतीपलीकडचा ससा. तोही तसाच, पण रानात मोकळा. शिकाऱ्यांचा लाडका, पण शेतकऱ्याच्या कोवळ्या पिकाचा आणि जंगलखात्याच्या रोपांचा वैरी. पॅरिसच्या पश्चिमेला अर-ए-ल्वार नावाच्या जिल्ह्यात मायबुआ येथे डॉक्टर पोल-फेलिक्स आर्मां-दलील यांची मोठी, बंदिस्त जमीनदारी होती. सशांनी ती पोखरून काढली होती. हे डॉक्टर कुणी सामान्य गृहस्थ नव्हते. क्षयरोग्यांच्या मुलांसाठी त्यांनी आयुष्य वेचले होते. पहिल्या महायुद्धात मॅसिडोनियाच्या आघाडीवर मलेरियाने सैनिक आडवे झाले, तेव्हा त्या तापावर ग्रंथ लिहिणाऱ्या चौघा डॉक्टरांत ते एक होते. डास म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

त्यांच्या कानावर ऑस्ट्रेलियाची वार्ता आली होती. तिथे 1859 साली एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून दोन डझन ससे आणवून सोडले, आणि त्यांनी पुढे सारा मुलूख व्यापला. अखेर 1950 साली सरकारी शास्त्रज्ञांनी त्यांच्यात मिक्सोमॅटोसिस नावाचा रोग सोडला. हा रोग सानारेल्ली या शास्त्रज्ञाने 1896 साली उरुग्वेत, प्रयोगशाळेतल्या सशांत प्रथम पाहिला होता. दक्षिण अमेरिकेतल्या रानसशांना तो फारसा बाधत नाही. युरोपी सशाचे मात्र डोळे आणि डोके सुजते, तो आंधळा होतो आणि दहा-बारा दिवसांत मरतो. माणसाला त्याचा काही उपसर्ग नाही. एका सशाकडून दुसऱ्याकडे तो नेतात डास आणि पिसवा.

आर्मां-दलील यांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या प्रयोगशाळेतून हा विषाणू मागवला, आणि 14 जून 1952 रोजी दोन ससे पकडून, त्यांना तो टोचून, आपल्या आवारात सोडून दिले. दीड महिन्यात तिथले जवळजवळ सगळे ससे मेले. जमीन भिंतीने बंदिस्त आहे, तेव्हा रोग बाहेर जाणार नाही, असा त्यांचा भरवसा. मला इथे राहून राहून नवल वाटते. मलेरियावर लिहिणाऱ्या माणसाने डासाला भिंत घालावी?

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, पन्नास किलोमीटरांच्या आसपास दूर असलेल्या रांबुयेला एक मेलेला ससा सापडला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने निदान केले : तोच रोग. पुढे काही राहिले नाही. 1953 साली तो खाडी ओलांडून इंग्लंडात केंटमध्ये पोचला. 1954 संपेपर्यंत फ्रान्सच्या रानातले शंभरांतले नव्वदांवर ससे नाहीसे झाले.

आणि खुराड्यातले? रानातला ससा निदान लांब पळू शकतो. खुराड्यातला कुठे जाणार? संध्याकाळी डास जाळीतून आत येत. जे बांधावरचे गवत फुकटचे म्हणून सशांना घालायचे, त्या बांधावर आता रोगी ससे मरून पडलेले असत. सकाळी बाई पाला घेऊन जावी, तर सशाचे डोळे चिकटलेले, कानांच्या मुळाशी गाठी. मग शेजारच्या खुराड्यात, मग त्याच्या शेजारच्या. पाश्चर इन्स्टिट्यूटने लस तयार केली खरी. शोप या अमेरिकन शास्त्रज्ञाने सशांच्या एका सौम्य गाठीच्या रोगाचा विषाणू शोधला होता, तो टोचला की या रोगापासून काही काळ बचाव होई. पण आजवर ज्या धंद्याला दमडीचा खर्च नव्हता, त्यात प्रथमच औषधाचा खर्च आला.

खटला झाला, तो चालवला शिकाऱ्यांनी. त्यांची शिकार बुडाली होती आणि त्यांच्या संघटना होत्या. जानेवारी 1955 मध्ये आर्मां-दलील दोषी ठरले. दंड पाच हजार जुने फ्रँक, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने पाचेक पौंड. दुसरीकडे शेतकरी आणि जंगलखात्याचे लोक खूश होते. पिके डोलू लागली होती, रोपे जगू लागली होती. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जून 1956 मध्ये जंगल-जलखात्याच्या एका माजी महासंचालकांच्या हस्ते डॉक्टरांना सुवर्णपदक मिळाले. पदकाच्या एका बाजूला डॉक्टरांची छबी, दुसऱ्या बाजूला मेलेला ससा. परसातल्या बाईची संघटना नव्हती. दंडातला फ्रँक तिला मिळाला नाही, आणि पदकावरच्या सशात तिचाही ससा होता हे कुणाला सुचले नाही.

पुढे काळ बदलला. खुराड्यांच्या जागी लांबलचक शेड आल्या, तारेचे पिंजरे, कारखान्यातल्या खाद्याच्या गोळ्या, न्यूझीलंड व्हाइट आणि कॅलिफोर्नियन या जाती. परसातले ससे मागे पडले, ते केवळ रोगामुळे नव्हे. मुली शहरात गेल्या, गवत कापायला हात उरले नाहीत, बाजारात कोंबडी स्वस्त झाली. मग 1984 साली चीनमध्ये जर्मनीहून आणलेल्या अंगोरा सशांत रक्तस्रावाचा आणखी एक जालीम रोग दिसला, आणि काही वर्षांत तोही युरोपभर झाला.

रानातल्या सशांचे मात्र निराळे घडले. जे थोडे वाचले त्यांच्या पिढ्यांना रोग पचवण्याची ताकद येत गेली, आणि विषाणूही थोडा मवाळ झाला. खुराड्यातल्या सशाला ही संधी मिळालीच नाही. फ्रान्समध्ये घरच्या सशांना आजही या रोगाची लस टोचून घेतात.