शांत रस्ता कोणी बांधला?

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना 'शांत' आणि 'निसर्गरम्य' ही दोन विशेषणे हमखास भेटतात आणि दर वेळी आम्हांला त्यांची थोडी धास्ती वाटते. ती ज्या स्थळाला लागतात त्याचा इतिहास बहुधा तिथेच संपतो. फ्रान्सच्या डोंगराळ, वनाच्छादित ग्रामीण भागातून सायकलने केलेल्या भटकंतीची काही वर्णने अलीकडे आमच्या वाचनात आली. वळणावळणाचा निर्मनुष्य रस्ता, दुतर्फा बीच आणि फरची झाडी, गावात मिटलेल्या खिडक्या आणि चौकात वाहणारे पाणी. हे सारे पहिल्यापासून असेच असावे, असा वाचकाचा ग्रह होतो. मराठीच्या मास्तरांनी फ्रान्सच्या घाटांत कशाला शिरावे, असे कोणी विचारील. त्या विशेषणांमागे काय दडले आहे हे पाहण्यासाठी, एवढेच आमचे उत्तर.

या भटकंतीला शिस्त आणि भाषा देणाऱ्यांत पहिले नाव घ्यावे लागते पोल द व्हिव्ही याचे. जन्म १८५३ चा, प्रोव्हान्समधील पेर्न या गावचा; कर्मभूमी सँ-एत्येन. कोळसा, बंदुका आणि रेशमी फिती यांवर जगणारे हे शहर. द व्हिव्ही रेशमाच्या व्यापारात होता. १८८१ मध्ये त्याने उंच चाकाची सायकल घेतली आणि १८८७ मध्ये रेशीम बाजूला ठेवून सायकलींचे दुकान थाटले. त्याच वर्षी त्याने एक नियतकालिकही काढले, जे पुढे 'ल सिक्लिस्त' म्हणून ओळखले गेले. लिहिताना त्याने 'व्हेलोसिओ' हे टोपणनाव घेतले आणि लोकांनी तेच लक्षात ठेवले. शाकाहारी, एस्पेरांतोचा पुरस्कर्ता, अभिजात ग्रंथांचा वाचक असा हा दुकानदार. सायकलस्वारांसाठी त्याने सात नियम घालून दिले होते. भुकेआधी खा, तहानेआधी प्या, थंडी वाजण्याआधी अंगावर घ्या, या स्वरूपाचे. त्यांतला एक मात्र आम्हांला साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही सांगावासा वाटतो: केवळ अहंकारापोटी पायडल मारू नये.

सँ-एत्येनची वेस ओलांडून दक्षिणेला निघाले की पिला डोंगररांगेचा चढ लागतो. सुमारे बारा-तेरा किलोमीटर चढल्यावर ११६१ मीटर उंचीवर एक खिंड येते. तिचे नाव 'कोल द ला रेपुब्लिक', म्हणजे प्रजासत्ताकाची खिंड. दुसरे नाव 'ग्रां ब्वा', म्हणजे मोठे रान. ते तिथल्या फरच्या दाट जंगलावरून पडले. व्हेलोसिओची प्रयोगशाळा हीच. त्या काळी सायकलला एकच गिअर असे: सपाटीवर ठीक, चढावर छातीचा भाता. तोंडात पाइप धरलेला एक तरुण वाचक याच चढावर त्याला मागे टाकून गेला आणि तेव्हापासून गिअरचे वेड त्याच्या डोक्यात शिरले, असा किस्सा त्याचे चाहते सांगतात. किस्सा फारच नेटका आहे, तेव्हा आम्ही तो किस्सा म्हणूनच घेतो. प्रयोग मात्र खरे. लहानमोठी दातेरी चक्रे, एकाहून अधिक साखळ्या, उतरून हाताने साखळी सरकवणे, असे करत करत मंडळी पुढे सरकत होती. त्याच शहरात 'इरोंदेल' या नावाने एक विलक्षण सायकल विकली जाई. पायडल पुढे मारले तर सपाटीचा गिअर, उलटे मारले तर चढाचा, आणि सायकल दोन्ही वेळा पुढेच जाई!

अखेरीस टिकले ते साखळीला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारे यंत्र. त्याच्या फ्रेंच नावाचा, 'देरायर'चा, शब्दशः अर्थ 'रुळावरून घसरवणारा'. रेल्वेच्या त्या शतकात अपघाताचा शब्द सोयीला लावला गेला, ही भाषेची गंमत. शर्यतवाल्यांना मात्र ही सोय पसंत नव्हती. 'तूर द फ्रान्स' या शर्यतीचा संस्थापक आंरी देग्रांज याचे मत असे की गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, जवानांनी स्नायूंवर जिंकावे. १९०३ च्या पहिल्याच तूरमधला दुसरा टप्पा व्हेलोसिओच्या याच खिंडीवरून गेला. पण त्या शर्यतीत डिरेलरला मोकळीक मिळायला १९३७ साल उजाडले. या वादात आम्हांला निव्वळ यंत्र दिसत नाही. देग्रांजसाठी डोंगर हा प्रतिस्पर्धी होता. व्हेलोसिओला तो चढता चढता पाहायचा होता आणि पाहण्यासाठी श्वास शिल्लक लागतो. लहान गिअर म्हणजे तो शिल्लक राहिलेला श्वास.

आता त्या श्वासानिशी आजूबाजूला पाहू.

पहिली गोष्ट रस्त्याची. हमरस्ते राजांचे आणि नेपोलियनचे. आडवाटेचे, गावागावांना जोडणारे रस्ते मुख्यतः २१ मे १८३६ च्या कायद्याचे. या कायद्याने गावरस्त्यांचा भार गावांवर टाकला. धडधाकट पुरुषाकडून वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रम, शिवाय त्याची गाडी आणि जनावरे. नाहीतर तेवढ्या मोलाचे पैसे. 'कोर्वे' ही जुनी वेठ क्रांतीबरोबर गेली होती. तिचे हे धाकटे भावंड कायद्याची वस्त्रे नेसून परत आले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. ओझ्याच्या घोडागाडीला झेपेल असा चढ या रस्त्यांना लागे, म्हणून ते सरळ न चढता डोंगराला वळसे घालत जातात. सायकलस्वार ज्या वळणांना रम्य म्हणतो त्यांचा हिशोब घोड्याच्या दमाने झालेला आहे.

दुसरी गोष्ट रानाची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधले जंगल सुमारे ९० लाख हेक्टरांपर्यंत आक्रसले होते; आज ते सुमारे १ कोटी ७० लाख हेक्टर आहे. म्हणजे आजचा प्रवासी ज्याला आदिम समजतो त्यातले बरेचसे त्याच्या खापरपणजोबाच्या वेळी नव्हतेच. सेव्हेन डोंगरांतले एग्वाल शिखर हे याचे ठळक उदाहरण. सरपण, कोळसा आणि मेंढ्यांची चराई यांनी तिथले उतार उघडे पडले, पावसाळी पूर माती वाहून नेऊ लागले. डोंगर पुन्हा झाडांखाली आणण्यासाठी १८६० आणि १८८२ मध्ये कायदे झाले. एग्वालवर जॉर्ज फाब्र या वनाधिकाऱ्याने १८७५ पासून झाडे लावायला घेतली. वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल फ्लाओ त्याचा सोबती. मेंढपाळांचा विरोध झाला, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर तो समजण्यासारखा होता. सरकारी रोप जिथे लागे तिथला चारा जाई. कागदोपत्री डोंगराचा शत्रू म्हणून मेंढीचे नाव लागले, आणि ते लिहिणारे हात मेंढपाळाचे नव्हते.

तिसरी गोष्ट शांततेची, आणि आमच्या मते ती सर्वांत जड. लोझेर या डोंगरी जिल्ह्यात १८८१ साली सुमारे १ लाख ४३ हजार माणसे होती. आज तिथे सुमारे ७६ हजार आहेत. ही माणसे गेली कुठे? खाणींत, कारखान्यांत, पॅरिसमध्ये, ल्याँमध्ये. दक्षिणेच्या या डोंगरांत तुतीच्या झाडांवर आणि रेशीमकिड्यांवर हजारो घरे चालत. १८५० च्या दशकात 'पेब्रीन' रोगाने किडे मरू लागले. पाश्चर १८६५ मध्ये आलेस परिसरात आला, त्याने निरोगी अंडी निवडण्याची पद्धत शोधली. पण तोवर आशियाई रेशीम बाजारात उतरले होते. उरलेले पुरुष १९१४ मध्ये युद्धावर गेले. फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक त्यात पडले आणि जवळजवळ प्रत्येक गावात नावे कोरलेला स्तंभ उभा राहिला. सायकलस्वार पाण्याची बाटली भरायला चौकात थांबतो तेव्हा तो स्तंभ बहुधा समोरच असतो. रस्ता शांत आहे, कारण त्यावरून चालणारी माणसे उरली नाहीत. रेशमाच्या व्यापारातून उठून सायकलीवर बसलेल्या व्हेलोसिओच्या चरित्रात या उताराचा एक धागा नकळत गुंतलेला आहे. रेशमाने ज्या खोऱ्यांना पोसले, त्यांतूनच पुढे पर्यटनाच्या वाटा निघाल्या.

यापुढचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. १९२१ मध्ये पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने मोकळ्या गतीने चालवायच्या दीर्घ पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' सुरू केल्या. पुण्यामुंबईचे सायकलस्वार आज दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायला पहाटे निघतात, ते याच परंपरेत. १९३६ च्या जूनमध्ये लेओं ब्लुमच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, मंत्री लेओ लाग्रांज याने रेल्वेच्या सवलतीची तिकिटे मिळवून दिली आणि सायकली नि टँडेम घेऊन शहरी जोडपी गावांकडे निघाली. ज्यांचे आजेआजी डोंगर उतरून कारखान्यात गेले होते, त्यांची नातवंडे पंधरा दिवसांसाठी तो डोंगर चढू लागली. त्यांच्या नजरेला ती गावे रम्य दिसली, यात त्यांचा दोष आम्ही धरणार नाही. रजेवरच्या माणसाला बाकी काही दिसणे कठीणच.

व्हेलोसिओने हे पाहिले नाही. फेब्रुवारी १९३० मध्ये सँ-एत्येनच्या रस्त्यात ट्रामची धडक बसून तो गेला. त्या सकाळी त्याने सेनेका वाचला होता, असे त्याच्या शिष्यांनी लिहून ठेवले आहे. त्याच्या सन्मानार्थ खिंडीवर चढण्याचा सोहळा १९२२ पासून, म्हणजे त्याच्या हयातीतच, सुरू झाला होता. वर रानात त्याचे स्मारक आहे.

आणि मेंढ्या? २०११ मध्ये युनेस्कोने कोस आणि सेव्हेनचा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला तो तिथल्या पशुपालक संस्कृतीसाठी. ज्या मेंढीला डोंगर उजाड करणारी ठरवून कायदे झाले, तीच आता वारसा झाली. जूनच्या मध्यास गळ्यात घंटा बांधलेले कळप जुन्या वाटांनी एग्वालच्या कुरणांकडे निघतात. समोरून कळप आला की सायकलस्वाराने खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि तो जाईपर्यंत थांबायचे.