प्रोसेसरची अतितप्तता

संगणकाच्या मध्यवर्ती प्रक्रियकाचे, म्हणजेच प्रोसेसरचे, तापमान उत्पादकाने ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत वारंवार पोहोचणे यास प्रोसेसरची अतितप्तता असे म्हणतात. सुटे भाग आणून घरी जुळवलेल्या, विशेषतः खेळांसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकांत हा दोष बऱ्याचदा आढळतो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) ही अशा सुट्या भागांची परिचित बाजारपेठ आहे. तयार संगणकात पेटी, पंखे आणि कूलर यांचा मेळ उत्पादक घालतो. घरच्या जुळणीत ती जबाबदारी जुळणी करणाऱ्यावर येते. दोषाचे मूळ नीट न शोधल्यास चांगला प्रोसेसर विनाकारण बदलला जाण्याचा संभव असतो.

उष्णतेची निर्मिती

प्रोसेसर जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. ही वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. म्हणून वारंवारता तीच ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी घटवले, तर या हिशेबाने विजेचा वापर सुमारे १९ टक्के कमी होतो. इंटेल कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट, तर कमाल टर्बो शक्ती २५३ वॅट आहे.

ही उष्णता प्रोसेसरच्या धातूच्या झाकणातून थर्मल पेस्टच्या पातळ थरात, तेथून कूलरच्या पायात, पुढे त्याच्या पात्यांत आणि शेवटी हवेत जाते. या साखळीतील एकही दुवा सैल असल्यास तापमान चढते.

तापमानाच्या मर्यादा

इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. एएमडी रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची ९५ अंश, तर रायझन ७ ७८००एक्स३डी याची ८९ अंश आहे. मर्यादा गाठताच प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो. खेळताना चित्र अडखळणे आणि पंख्यांचा आवाज एकाएकी वाढणे ही त्याची लक्षणे होत. तापमान त्याहीपुढे गेल्यास संगणक स्वतःहून बंद पडतो.

निदान

एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रणालींनी तापमान, वीजवापर आणि पंख्यांचे फेरे एकाच वेळी पाहता येतात. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स ही प्रणाली वापरतात. संगणक स्वस्थ असताना आणि सिनेबेंचसारख्या चाचणीचा भार असताना अशा दोन्ही वेळी नोंद घेतात. खोलीचे तापमानही सोबत लिहून ठेवतात. काही प्रोसेसरांचा आकडा मुळातच फसवा असतो. रायझन ७ १७००एक्स व १८००एक्स यांच्या नियंत्रण-तापमानात २० अंश अधिक मिळवलेले असत.

तापमान कसे चढते यावरून दोषाची जागा कळते:

• भार पडताच काही सेकंदांत मर्यादा गाठली गेली, तर कूलर नीट टेकलेला नाही, पेस्ट निकामी झाली आहे किंवा द्रवशीतकाचा पंप बंद आहे.
• प्रोसेसर ९५ अंश दाखवत असताना कूलरची पाती हाताला थंडच लागत असतील, तर उष्णता कूलरपर्यंत पोहोचतच नाही.
• तापमान दहा-वीस मिनिटांत सावकाश चढत गेले, तर पेटीत गरम हवा कोंडत आहे.
• पेटीची बाजूची झडप उघडल्यावर तापमान बरेच उतरले, तर हवेच्या वाटेत अडथळा आहे.
• केवळ प्रोसेसरच्या चाचणीत तापमान ठीक, पण खेळताना अधिक असेल, तर ग्राफिक्स कार्डची उष्णता बाहेर पडत नाही.

कारणे व उपाय

कूलरची बसवणूक: नव्या जुळणीत कूलरच्या तळावरील प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा राहून जातो. इंटेलच्या पेटीबंद कूलरला दाबून बसवायच्या चार खुंट्या असतात. त्यांपैकी एखादी अर्धवट बसली तरी कूलर एका बाजूने उचललेला राहतो. मदरबोर्डाच्या मागील बाजूने चारही टोके पाहणे, हा खात्रीचा उपाय होय.

थर्मल पेस्ट: काही वर्षांत पेस्ट वाळते. जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढा नवा ठिपका लावतात. एएमडीच्या एएम४ बैठकीवरील कूलर सरळ वर ओढल्यास प्रोसेसरही त्याला चिकटून निघतो आणि त्याच्या पिना वाकू शकतात. त्यासाठी संगणक थोडा वेळ चालवून, मग बंद करून, कूलर हलकेच फिरवत सोडवावा लागतो.

पंख्यांची दिशा: समोरून हवा आत आणि मागून व वरून बाहेर, ही रूढ रचना आहे. सर्वसाधारण पंख्यात चौकटीचे आडवे दांडे ज्या बाजूस असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते.

वीजमर्यादा: काही मदरबोर्ड मूळ मांडणीतच प्रोसेसरला शिफारशीपेक्षा अधिक वीज घेऊ देतात. बायोसमध्ये उत्पादकाची मर्यादा पुन्हा लागू केल्यास तापमान उतरते. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही प्रोसेसरांत वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता आढळली होती. त्यावर कंपनीने २०२४ मध्ये मायक्रोकोडची सुधारणा दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. अशा संगणकांत बायोस अद्ययावत करणे अगत्याचे ठरते.

कोकणातील परिस्थिती

हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १० अंशांनी तापली की तेवढ्याच भाराखाली प्रोसेसरही साधारण तितकाच अधिक तापतो. त्यामुळे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, फोंडाघाटसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावीही, एप्रिल-मेमधील नोंदींची तुलना थंड प्रदेशातील नोंदींशी करणे योग्य नव्हे.

हवेतील दमटपणामुळे शीतन फारसे बिघडत नाही. चालू संगणकाचे आतील भाग हवेपेक्षा उष्ण असल्याने त्यांवर दव धरत नाही. मात्र दमट हवेत जांभ्याची तांबडी धूळ पात्यांना घट्ट चिकटते, तर मालवण, देवगड, वेंगुर्ले अशा किनाऱ्यावरील गावांत खारी हवा धातूचे सांधे गंजवते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर संगणक बंद करून, तार काढून, ब्लोअरने धूळ उडवणे हितावह असते; त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी लागतात. कापडी आच्छादन आणि टेबलाचा बंद कप्पा हे धूळ अडवतात, पण संगणक चालू असताना हवाही कोंडतात.

पावसाळ्यात वीज क्षणभर गेल्यानेही संगणक बंद पडतो आणि दोष प्रोसेसरवर येतो. विंडोजच्या नोंदवहीतील ४१ क्रमांकाची नोंद संगणक अकस्मात बंद पडल्याचे सांगते, कारण सांगत नाही. बंद पडण्याच्या क्षणापूर्वीचे तापमान नोंदवलेले असेल, तरच दोन्हींतील फरक ठरवता येतो.

महासंगणकांतील शीतन

हाच प्रश्न महासंगणकांत फार मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत पुण्याच्या आयसर संस्थेत बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात थेट संपर्काचे द्रवशीतन वापरले आहे. पाणी हवेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता वाहून नेते, हे त्यामागील तत्त्व होय. घरगुती द्रवशीतकही त्याच तत्त्वावर चालतो. मात्र पाण्याने नेलेली उष्णता त्यातही अखेर खोलीतील हवेतच सोडली जाते.