गिरमिट आणि दीनबंधू

गिरमिट म्हटले की आम्हां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे सुताराचे भोके पाडण्याचे हत्यार उभे राहते. धारवाड-हुबळीकडे बदली होऊन राहिलेल्यांना चुरमुऱ्यांचा चटकदार पदार्थ आठवेल. परंतु या शब्दाला तिसराही एक अर्थ आहे, आणि तो हत्याराहून अधिक टोचणारा आहे. ‘ॲग्रिमेंट’ या शब्दाचा मजुरांनी केलेला तो अपभ्रंश. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून जे परदेशी गेले, ते गिरमिटिये.

आमचे बिऱ्हाड बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या कडेला, होसूर रस्त्यालगत आहे. हाच रस्ता कृष्णगिरीवरून पुढे जुन्या उत्तर अर्काट जिल्ह्याकडे जातो. १९०३ पासून मद्रास बंदरातून जे मजूर फिजी बेटांवर गेले, त्यांत या जिल्ह्यातले पुष्कळ होते. आमच्या कोकणातली माणसे त्याच्याही आधी मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली होती. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवून घेतात. तेव्हा ही कथा परक्यांची नव्हे.

परवा आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक ओडिया पहारेकरी कंत्राटदाराच्या छापील कागदावर सही करत होता. कागद इंग्रजीत होता. काय लिहिले आहे, असे आम्ही सहज विचारले. “नोकरीचेच असेल, साहेब,” तो हिंदीत म्हणाला. कचेरीची बस चुकेल म्हणून आम्ही पुढे निघालो. बसमध्ये मात्र गिरमिट डोक्यातून जाईना.

गिरमिटाचा कागद खोटा नव्हता, ही त्यातली मुख्य गोष्ट. मजुराची रीतसर नोंदणी होई, डॉक्टर तपासणी करी, सरकारी शिक्के पडत. पुरुषाला दिवसाला बारा आणे मजुरी मिळेल असे त्यात लिहिलेले असे. फिजीत तेवढ्यात कसेबसे भागते, हे लिहिलेले नसे. नेमून दिलेले काम पुरे झाले नाही तर तो फौजदारी गुन्हा ठरून तुरुंगही घडेल, हेही लिहिलेले नसे. उसाच्या मळ्यावर तीन एकट्या पुरुषांना मिळून दहा फूट लांब व सात फूट रुंद अशी एक खोली मिळे. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवाव्यात असा नियम होता. या प्रमाणातून स्त्रियांच्या वाट्याला काय आले असेल, ते सांगावयास नको. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार माणसे अशा रीतीने एकट्या फिजीत उतरली.

हे सारे सरकारी अहवालांतून शोधून काढून मांडणारा मनुष्य आपला होता. नामदार गोखले यांनी १९१० मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात ठराव आणून नाताळ वसाहतीसाठी होणारी मजूरभरती बंद करवली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी संपूर्ण पद्धतच रद्द करण्याचा ठराव मांडला. हिंदी सभासद त्यांच्या बाजूस उभे राहिले, पण सरकारी बहुमतापुढे ठराव पडला.

१९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी गोखले निधी जमवीत होते. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजातील इंग्रज धर्मोपदेशक चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज यांनी आपली सारी शिल्लक त्यांच्या हवाली केली, आणि मग स्वतःलाही. पिअर्सन या मित्रासह ते आफ्रिकेस गेले. २ जानेवारी १९१४ रोजी डर्बनच्या धक्क्यावर त्यांनी गांधीजींच्या पायांना हात लावला. गोऱ्यांना ते मुळीच रुचले नाही. तिथे नाताळात पाठीवर वळ उठलेला एक भेदरलेला तमिळ मजूर त्यांनी पाहिला. पुढे आजारातून उठत असता त्याचाच चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला आणि पाहता पाहता तो ख्रिस्ताचा झाला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. त्याच वर्षी अँड्र्यूज व पिअर्सन फिजीस निघाले. मळ्यांतून हिंडून, मजुरांशी बोलून त्यांनी १९१६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. २० मार्च १९१६ रोजी पंडित मालवीय यांनी गोखल्यांचाच विषय पुन्हा मांडला, आणि या वेळी लॉर्ड हार्डिंग यांनी तो तत्त्वतः मान्य केला. तरी दिरंगाईची लक्षणे दिसताच अँड्र्यूज १९१७ मध्ये पुन्हा फिजीस गेले. त्याच वर्षी भरती थांबली. ऑस्ट्रेलियातील स्त्री-संस्थांनी फ्लॉरेन्स गार्नहॅम या मिशनरी बाईंना चौकशीस पाठवले. त्यांचा अहवाल १९१८ चा. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करार रद्द झाले. मजुरांनी अँड्र्यूजना ‘दीनबंधू’ म्हटले. ती पदवी कोणत्याही सरकारची नव्हे.

ज्या साम्राज्यात हे घडत होते, तेही ख्रिस्ताचेच नाव घेत होते. दर रविवारी प्रार्थनेस जाणारे अधिकारी सोमवारी गिरमिटावर शिक्के मारत. त्यांतले बहुतेक दुष्ट नसावेत. समोरचा कागद नियमास धरून आहे, एवढेच ते पाहत असतील. आम्ही स्वतः कारकून आहोत, म्हणून हे वाक्य लिहिताना हात अडखळतो. कागद नीट आहे एवढ्यावर आपले समाधान होते. तो कोणाच्या कपाळी लागणार, हे पाहणे आपल्या कामात बसत नाही. गोखल्यांनी तेच कागद वाचले, पण त्यांत जे लिहिलेले नव्हते तेही वाचले. अँड्र्यूज जाऊन पाहून आले. एकाची आकडेवारी आणि दुसऱ्याची पायपीट एकत्र आली, तेव्हा कुठे गिरमिट मोडले.

त्या रात्री आम्ही खाली फाटकाशी गेलो. पहारेकऱ्याने आपल्याजवळची प्रत काढून दिली. दिव्याखाली उभे राहून आम्ही एकेक कलम त्याला हिंदीत सांगितले. सहा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास शेवटच्या महिन्याचा पगार मिळणार नाही, या ओळीशी तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “साहेब, ते पुन्हा एकदा वाचा.”

आम्ही पुन्हा वाचले.