खटखट नेमकी कुठली?

एप्रिल १९२५मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल टी’च्या मागे पोलादी हौदा बसवला आणि ही गाडी २८१ डॉलरला विकायला काढली. त्याआधी अमेरिकेतले शेतकरी मोटारीची मागची बाजू कापून तिथे फळ्या ठोकायचे. तेच काम आता कारखान्यात होऊ लागलं. पिकअप म्हणजे ओझं वाहणारी गाडी. चढ, चिखल, दाण्याची पोती या सगळ्याखाली इंजिन कुरकुरणारच. गॅरेज मैलोन्‌मैल लांब असलं, तर मालकालाच कान तयार करावे लागत.

त्या इंजिनला चार सिलिंडर होते, ताकद वीस अश्वशक्ती आणि ऑइल पंप मुळीच नाही. फिरणारं चाक तेल उडवायचं, त्यातलं काही एका नळीतून पुढे जायचं. लांबलचक चढावर तेल मागे उतरायचं आणि सगळ्यात पुढचा कनेक्टिंग रॉड कोरडा पडायचा. बेअरिंगमधला बॅबिट, म्हणजे कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा मऊ मिश्रधातू, झिजायचा आणि खटखट सुरू व्हायची.

ती शोधण्याची रीत फार सुंदर होती. डॅशबोर्डवरच्या लाकडी पेटीत चार कॉइल गुणगुणत असत, प्रत्येक सिलिंडरची एक. एका कॉइलची थरथरती पट्टी बोटाने दाबून धरली की त्या सिलिंडरची ठिणगी बंद. ती बंद होताच खटखट मंदावली, तर त्याच सिलिंडरचा रॉड सैल. मग खालून झाकण उघडायचं, बेअरिंगच्या दोन भागांमधली पातळ पत्र्याची शिम काढायची आणि नट पुन्हा आवळायचे. जाणता माणूस मात्र त्याआधी स्टिअरिंगखालचा डावा दांडा हलवून बघायचा. ठिणगी थोडी उशिरा पडू दिल्यावर आवाज थांबला, तर काहीच मोडलेलं नाही, टायमिंग पुढे गेलं होतं एवढंच.

या दुसऱ्या प्रकारच्या ठोक्याने, म्हणजे नॉकिंगने, इंजिन बनवणाऱ्यांची झोप उडवली होती. ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरी इग्निशनवर त्याचं खापर फुटत होतं. त्यांनी १९१६मध्ये थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला शोधाला लावलं. दाबाची नोंद घेतल्यावर मिजली यांना दिसलं की ठोका ठिणगी पडून गेल्यावर बसतो. ज्वाला सिलिंडरभर पसरण्याआधीच टोकाचं मिश्रण दाबाने एकदम पेट घेतं. दोष इग्निशनचा नव्हता, इंधनाचा होता.

लाल रंगामुळे इंधन लवकर उष्णता शोषेल, अशा तर्काने मिजलींनी रॉकेलमध्ये आयोडीन घातलं. ठोका थांबला! मग दुसरे लाल रंग घालून पाहिले, तर काहीच फरक नाही. तर्क चुकला होता, पण वाट सापडली. पुढची पाच वर्षं पदार्थांमागून पदार्थ तपासले गेले. त्यातल्या टेल्युरियमचा वास अंगातून जाता जाईना. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं संयुग, इंजिनमध्ये गेलं आणि थेंबभर मिसळल्याने खटखट गप्प झाली. फेब्रुवारी १९२३मध्ये ते पेट्रोल डेटनच्या पंपावर विकायलाही आलं.

इंजिनच्या या एका आवाजाची जगाने फार जबर किंमत मोजली. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, झटके येऊन मेले. शिसं विषारी असतं हे तेव्हा सर्वांना ठाऊक होतं. नॉकिंग थांबवायला अल्कोहोलही चालतं, हेही ठाऊक होतं. तरी धुराड्यांतून शिसं हवेत जात राहिलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २०००मध्ये बंद झालं, अल्जीरियात २०२१मध्ये. मोटारींच्या पेट्रोलमधून त्याचा जगातला शेवट तिथेच झाला.

महाराष्ट्रातल्या पिकअपना या पेट्रोलशी फारसं देणंघेणं नव्हतं. पुण्यात बनलेली, १९८८ची टाटामोबाइल डिझेलवर चालायची आणि डिझेलचा ठोका ही वेगळीच गोष्ट. तिथे ठिणगीच नसते. तापलेल्या, दाबलेल्या हवेत फवारलेलं इंधन पेटायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात साठलेलं सगळं एकदम भडकतं. गार इंजिनात हा उशीर जास्त, म्हणून सकाळची खडखड जास्त. ती आजाराची खूण नव्हे. पुढे कॉमन रेल ही इंधन फवारण्याची पद्धत आली, मुख्य फवारणीआधी चिमूटभर इंधन सोडता येऊ लागलं आणि डिझेलचा आवाज पुष्कळ उतरला.

आजच्या पेट्रोल इंजिनमध्ये ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ठोका टिपतो आणि कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो. पण झिजलेल्या भागांचा आवाज अजून माणसालाच शोधावा लागतो. त्यासाठी मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो.

फोर्डच्या एफ-१५० पिकअपमध्ये २००४पासून आलेलं ५.४ लिटरचं तीन व्हॉल्व्हवालं इंजिन या बाबतीत चांगला धडा आहे. गार असताना टिकटिक आणि तापल्यावर शांत, असं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड तुटलेला असण्याची शक्यता मोठी. धातू तापून फुगला की गळती मिटते. याउलट गार असताना ठीक आणि तापल्यावर आयडलला डिझेलसारखी ठकठक, तर संशय कॅम फेझरवर, म्हणजे व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या भागावर. हा भाग ऑइलच्या दाबावर चालतो आणि तापलेलं पातळ ऑइल टायमिंग चेनच्या टेन्शनरच्या फाटक्या सीलमधून निसटतं. नुसते फेझर बदलले तर ठकठक परत येऊ शकते. म्हणून चांगला मिस्त्री गाडी रात्रभर गार होऊ देतो, सकाळी पहिला स्टार्ट स्वतः मारतो, इंजिन पुरतं तापल्यावर ऑइलचा दाब गेजवर मोजतो आणि मगच टायमिंग कव्हरच्या बोल्टला हात घालतो.