फादर दिब्रिटो : वसईचं पाणी आणि आपली मराठी

२०१२ साली आपल्या चंद्रपुरात ८५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्यानंतर आठ वर्षांनी उस्मानाबादला ९३वं संमेलन भरलं, आणि अध्यक्ष होते एक कॅथलिक धर्मगुरू. आज त्यांची गोष्ट सांगतो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जन्म ४ डिसेंबर १९४२, वसई तालुक्यातल्या नंदाखालचा. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षं ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. पण फादर नुसते लिहीत बसले नाहीत. वसईत बिल्डरांची नजर जमिनीवर पडली, टँकर विहिरी उपसायला लागले, गुंडांची दहशत वाढली. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीतून ते लोकांसोबत रस्त्यावर उतरले. धमक्या आल्या, तरी मागे हटले नाहीत.

तरीही २०२० मध्ये काहींनी विचारलंच, ‘मराठी संमेलनाला पाद्री अध्यक्ष कशाला?’ उत्तर त्यांच्या कामातच होतं. त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

२५ जुलै २०२४ ला, वयाच्या ८१व्या वर्षी फादर गेले.

मला वाटतं, तिकडे विहिरी आणि बागा, इकडे आपलं जंगल आणि कोळसा. प्रश्न एकच आहे. गावाच्या पाण्यासाठी जो उभा राहतो, तो परका कसा? विचार करा. भेटू पुढच्या भागात!