तलवाड्याचं माळवद

त्वरितादेवीच्या आमच्या तलवाड्यात, गेवराई तालुक्यात, जुनं घर म्हणजे माळवद, मातीच्या सपाट छताचं घर. तुळयांवर लाकडी किलच्या, त्यांवर लिंबाचा पाला, मग चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. पाला वाळवीला अटकाव करी. मृगाआधी आजी नवी पांढरी पसरायला लावायची. पनाळीचं पाणी परसात पडायचं, मोरीचं केळीला जायचं. उन्हाळ्यात आतला गारवा आजच्या पत्र्याच्या घरात कुठला?

पण दरसालच्या मातीने छत जड होत गेलं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि अशा जड छतांखाली हजारो माणसं गेली. तेव्हापासून लोकांचा माळवदावरचा विश्वास उडाला. माझं मत स्पष्ट आहे: जुनं माळवद राखणाऱ्यांनी साचलेली माती उतरवावी, भिंती एकमेकींना घट्ट बांधून घ्याव्यात, पण घर पाडू नये.