अजिंठा पाहणाऱ्यांचा इतिहास

#धागा #अजिंठा

१/ अजिंठ्याच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एका रंगवलेल्या खांबावर इंग्रजीत एक नाव खरडलेले आहे : जॉन स्मिथ. सोबत तारीख आहे २८ एप्रिल १८१९. मद्रास सैन्याच्या घोडदळातील हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या दरीत उतरला होता. अजिंठ्याच्या आधुनिक इतिहासातील ही पहिली नोंद मानली जाते आणि ती चित्रावरच ओरखडलेली आहे.

२/ पाठ्यपुस्तके या घटनेला अजिंठ्याचा ‘शोध’ म्हणतात. हा शब्द अर्धाच खरा आहे. लेण्यांलगतच्या गावाचे नाव लेणापूर. परिसरातील लोकांना ही लेणी हरवलेली कधीच नव्हती. १८१९ मध्ये ती सापडली ती युरोपीय वाचकांना. आणि तेव्हापासून एक नवी गोष्ट सुरू झाली : उपासनेसाठी नव्हे, तर केवळ ‘पाहण्यासाठी’ येणाऱ्या माणसांची.

३/ या धाग्याचा विषय लेणी कोणी कोरली हा नाही. ती दोन टप्प्यांत घडली, हे बहुतेकांना ठाऊक असते : पहिला टप्पा इसवी सनापूर्वीचा, सातवाहनकालीन, दुसरा इसवी सनाच्या पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला. इथे प्रश्न वेगळा आहे. गेल्या दोनशे वर्षांत अजिंठा पाहायला आलेल्यांनी अजिंठ्याचे काय केले?

४/ त्याआधी ही चित्रे एवढी नाजूक का, हे समजून घ्यावे लागेल. कातळाच्या खडबडीत भिंतीवर मातीचा गिलावा आहे. त्या मातीत तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. युरोपातील फ्रेस्को पद्धतीत रंग ओल्या चुन्यात मुरतो आणि भिंतीचाच भाग होतो. अजिंठ्याचा रंग मात्र पृष्ठभागावर बसलेला आहे.

५/ म्हणजे चित्राचे आयुष्य मातीच्या गिलाव्यावर अवलंबून. माती ओल शोषते, फुगते, वाळते, आकसते. त्यातील तूस-गवत कीटकांना खाद्य पुरवते. पाझरणारे पाणी, वटवाघळे आणि अधूनमधून मुक्कामाला राहणाऱ्यांच्या चुलींचा धूर यांनी स्मिथ येण्यापूर्वीच बरेच नुकसान केलेले होते. १८१९ नंतर त्यात भर पडली ती चाहत्यांची.

६/ १८२४ मध्ये जेम्स अलेक्झांडर हा अधिकारी येथे आला. त्याचे वर्णन १८२९ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने छापले. १८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसनने त्याच संस्थेपुढे भारतातील लेण्यांवर निबंध वाचला. कीर्ती पसरली तसे पाहुणे वाढले, आणि पाहुण्यांबरोबर चाकूही आले. भिंतीवरून चेहरे सोलून नेण्याचे प्रयत्न झाले. मातीचा गिलावा सोलताना बहुधा हातातच चुरा होतो. अजिंठ्याच्या चित्राचा एक तुकडा आज अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

७/ चित्रे वाचवायची तर त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, असा आग्रह फर्ग्युसनने धरला. त्यातून १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली. अंधाऱ्या दालनांत, उष्म्यात, आजारपणे काढत त्याने जवळजवळ दोन दशके काम केले. सुमारे तीस मोठे कॅनव्हास लंडनला पोहोचले.

८/ मराठी वाचकाला गिल ठाऊक आहे तो बहुधा पारोमुळे. ना. धों. महानोर यांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि त्यावरून २०१२ साली आलेला चित्रपट यांनी ती कथा घरोघरी नेली. अजिंठा गावात पारोची कबर आहे आणि तिच्यावर १८५६ हे साल कोरलेले आहे. परंतु गिलच्या आयुष्यातील दुसरी शोकांतिका तितकी परिचित नाही.

९/ त्याचे कॅनव्हास लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली. दोन दशकांच्या कामातून बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्या. गिल पुन्हा कामाला लागला. आता हाती कॅमेराही होता. १८७९ मध्ये तो निवर्तला. त्याची कबर भुसावळला आहे.

१०/ पुढचे नाव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स. १८७२ ते १८८५ या काळात ते आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यात काम करत राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. प्रती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेल्या. १८८५ मध्ये तेथेही आग लागली आणि त्यांतील बऱ्याच प्रती नष्ट झाल्या. उरलेल्या कामातून १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला.

११/ याच प्रती करण्याच्या कामाची एक दुसरी बाजू आहे. धुरकटलेली मूळ चित्रे नीट दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश लावले गेले. ओल्या पृष्ठभागासारखा रंग क्षणभर उजळतो, रेषा स्पष्ट होते, नक्कल करणाऱ्याचे काम भागते. काही वर्षांनी तोच थर पिवळा पडतो, तडकतो आणि खालचा रंग सोबत घेऊन सुटू लागतो. प्रत वाचवण्यासाठी मूळ पणाला लागले.

१२/ १९०९ ते १९११ या हिवाळ्यांत क्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती आली. तिच्या मदतीला बंगालहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासारखे तरुण आले. हैदराबादहून सय्यद अहमद आले. या भेटीने भारतीय चित्रकलेला काय दिले, ते नंदलालांच्या पुढील कामात दिसते. पाहण्याने केवळ हानीच होते असे नाही, याचा हा मोठा पुरावा.

१३/ लेणी निजामाच्या राज्यात होती. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते स्थापले आणि गुलाम यझदानी त्याचे संचालक झाले. १९२० ते १९२२ दरम्यान इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे जीर्णोद्धार-तज्ज्ञ बोलावण्यात आले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा पक्का केला. तो आज जागेवर आहे याचे काही श्रेय त्यांना द्यावेच लागते.

१४/ मात्र रंग पक्का करण्यासाठी त्यांनी लाखेचा थर वापरला. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच होते. पुढे लाख काळवंडली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी गेली अनेक दशके जे काम केले त्यातील मोठा भाग म्हणजे आधीच्या रक्षणकर्त्यांनी चढवलेले हे थर इंच-इंच करून उतरवणे.

१५/ १९८३ मध्ये अजिंठा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. वेरूळ, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला यांच्यासह भारताची ही पहिली नोंद. आता वर्षाकाठी लाखो पर्यटक येतात. कोणी चाकू आणत नाही, व्हार्निश आणत नाही. तरी प्रत्येक जण काहीतरी आत घेऊन जातोच : श्वास, घाम, अंगाची उष्णता, पायांची धूळ.

१६/ एका माणसाच्या श्वासातील ओल नगण्य. पण दालन बंदिस्त, हवा खेळत नाही आणि माणसे दिवसभर येत राहतात. दिवसा हवेतील ओल वाढते, रात्री उतरते. मातीचा गिलावा रोज थोडा फुगतो, थोडा आकसतो. हे नुकसान एका दिवसात दिसत नाही, म्हणून त्याचा दोष कोणा एकावर ठेवता येत नाही.

१७/ फ्रान्समधील लास्को गुहेचे उदाहरण येथे लागू पडते. १९४० मध्ये सापडलेली ही प्रागैतिहासिक चित्रांची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. अवघ्या काही वर्षांत भिंतींवर हिरवी शेवाळे आली. १९६३ मध्ये फ्रेंच सरकारने ती पर्यटकांना बंद केली. १९८३ मध्ये, म्हणजे अजिंठ्याच्या युनेस्को नोंदीच्याच वर्षी, शेजारी तिची प्रतिकृती खुली झाली. आज लोक ती पाहायला आवर्जून जातात.

१८/ अजिंठ्याने मधला मार्ग धरला. खाजगी वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबतात. पुढे बसने जावे लागते. चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसे, पादत्राणे बाहेर, फ्लॅश बंद, दिवे मंद. अनेकांना याचा त्रास वाटतो. “एवढ्या लांबून येऊन नीट दिसलेही नाही” ही तक्रार नेहमीची आहे.

१९/ प्रतिकृतीचा प्रयोग येथेही झाला. टी-पॉइंटजवळ जपानच्या कर्जसाहाय्यातून मोठे अभ्यागत केंद्र उभारले गेले. २०१३ मध्ये ते खुले झाले. १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती तेथे होत्या. वीज-पाण्याच्या थकबाकीमुळे काही वर्षांतच ते बंद पडले. मूळ लेण्यांवरचा भार हलका करण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न बिलांपायी अडला.

२०/ ‘नक्कल कोण पाहणार?’ असे सहज म्हटले जाते. परंतु गिलपासून पुढचा अजिंठ्याचा इतिहास नकलांचाच आहे. ज्यांना येथे येणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी त्या काळी प्रती केल्या गेल्या. आज गरज उलटी आहे : येणे सर्वांना शक्य झाले आहे, म्हणून प्रत हवी आहे. चेहरे, दागिने, केशरचना प्रतिकृतीपाशी उजेडात सावकाश अभ्यासावीत आणि मूळ लेण्यात थोडा वेळ शांतपणे उभे राहावे, ही व्यवस्था कमी प्रतीची नाही.

२१/ दोनशे वर्षांच्या या इतिहासात वाईट हेतूची माणसे थोडीच आहेत. खरडणारा, सोलणारा वगळला तर बाकी सगळे अजिंठ्यावर प्रेम करणारेच होते. व्हार्निश लावणाऱ्याला चित्र दिसायला हवे होते, लाख लावणाऱ्याला ते टिकायला हवे होते. आजच्या पर्यटकालाही तेच हवे आहे. त्याच्यापाशी एक गोष्ट जास्त आहे : परिणाम काय होतो, हे त्याला माहीत आहे.

२२/ जाणाऱ्यांसाठी : सोमवारी लेणी बंद असतात. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटे लागतात. मोबाइलचा दिवा लावू नये, तेवढे थांबावे. मग पहिल्या लेण्यातील पद्मपाणी आपोआप दिसू लागतो. रखवालदार “चला, पुढे चला” म्हणाला तर वाद न घालता बाहेर यावे.

#इतिहास #लेणी